हौस आणि वेठ : इंग्लंडांतील घरगुती यंत्रपुरुष

'रोबॉट' हा शब्द आतां आमच्या शाळकरी मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. त्याची जन्मकथा मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. १९२० सालीं कारेल चापेक या चेक लेखकानें 'आर. यू. आर.' नांवाचें एक नाटक प्रसिद्ध केलें. कारखान्यांत घडविलेलीं व खऱ्या माणसांऐवजीं राबणारीं कृत्रिम माणसें हा त्याचा विषय. या राबणाऱ्यांना नांव काय द्यावें असा पेंच पडला असतां चापेकच्या भावानें, चित्रकार योसेफ यानें, 'रोबॉट' हा शब्द सुचविला. तो 'रोबोटा' या चेक शब्दावरून घेतलेला आहे. 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें सक्तीनें व फुकट करावयाचें काम. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर शुद्ध वेठ. इंग्रज वाचकास हा अर्थ टीप वाचून समजावून घ्यावा लागतो. मराठी वाचकास तशी गरज नाहीं. वेठबिगार ही काय वस्तु आहे हें आमच्या खेड्यापाड्यांस पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि 'वेठीस धरणें' हा वाक्प्रचार तर घरींदारीं रोज कानांवर पडतो.

परंतु पुढें हें नांव ज्या वस्तूंना चिकटलें त्यांपैकीं कित्येकांचा जन्म वेठीच्या पोटीं झालेलाच नाहीं. कोणीं तरी परसांतल्या पडवींत, रविवारच्या फुरसतींत, मोडक्या घड्याळांचीं चाकें आणि जुन्या विमानांचे पत्रे जमवून, निव्वळ मौजेखातर त्यांना घडविलें. किंवा फार तर अंथरुणांतून न उठतां चहा मिळावा एवढ्या आळसाखातर घडविलें. त्यांची जननी हौस. २०१८ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां कांहीं दिवस लंडनांत होतों. तेथील राजवाडे, पूल व उद्यानें यांचीं वर्णनें मराठी मासिकांतून इतकीं येऊन गेलीं आहेत कीं त्यांत भर घालण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. त्याऐवजीं त्या शहरांत व त्याच्या आसपास या हौशी यंत्रांचें जें एक लहानसें गोकुळ आम्हांस आढळलें, त्याची ओळख वाचकांस करून द्यावी असा आमचा विचार आहे.

आरंभ साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान-संग्रहालयापासून केला. तेथें आगगाडीचीं प्रचंड इंजिनें व विमानें पाहण्यास लोक गर्दी करतात. परंतु आम्ही गेलों तेव्हां तळघरांत 'घराचें गुप्त जीवन' अशा अर्थाच्या नांवाचें एक दालन होतें. शिवणयंत्रें, केर ओढणारीं यंत्रें, धुलाईयंत्रें, कुलपें, शेगड्या अशा नित्याच्या वस्तूंचा तेथें संसारच मांडला होता. याच संग्रहालयाच्या संग्रहांत चहा करणारें एक घड्याळ आहे. बर्मिंगहॅम येथील फ्रँक क्लार्क नांवाच्या बंदुकींच्या कारागिरानें १९०२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. यंत्राची रचना पाहिली कीं हंसूं आवरत नाहीं. गजराचें घड्याळ, शेजारीं स्पिरिटचा दिवा, व दिव्यावर कलती होणारी किटली, एवढाच काय तो पसारा. ठरलेली वेळ झाली कीं घड्याळ एक कळ सोडतें. त्यासरशी एक आगकाडी खरखरीत पृष्ठभागावर घासली जाऊन पेटते व दिवा लावते. पाणी उकळलें कीं किटली आपोआप कलते व आधण शेजारच्या भांड्यांत ओतलें जातें. मग घंटा वाजते आणि यजमान डोळे उघडून पाहतात तों चहा तयार! झोंपलेल्या माणसाच्या उशाशीं अंधारांत आपण होऊन काडी ओढणारें हें यंत्र पाहून, त्याचा शोध बंदुका करणाऱ्या माणसानें बाजारांत आणला यांत आम्हांस मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं.

हा सारा खटाटोप आम्ही मोठ्या कौतुकानें समजावून सांगत असतां सौभाग्यवतींनीं शांतपणें विचारलें, "अहो, पण रात्रीं त्यांत पाणी कोणीं भरून ठेवायचें? स्पिरिट कोणीं घालायचें? आणि सकाळीं तें भांडें घासायचें कोणीं?"

प्रश्न अगदीं घरगुती होता. परंतु पुढें आम्ही जेथें जेथें गेलों तेथें तेथें तो आमच्या सोबत आला, आणि यंत्राची पारख करण्यास याहून चांगली कसोटी आम्हांस दुसरी सांपडली नाहीं. ज्या काळीं हें घड्याळ निघालें त्या काळीं इंग्लंडांतील सुखवस्तु घरांत सकाळचा चहा बिछान्यापाशीं आणून देण्यास मोलकरीण असे. घरांत सर्वांच्या आधीं उठावयाचें तें तिनें. थंडींत कुडकुडत चूल पेटवावयाची ती तिनें. या यंत्रानें तिचें उठणें थोडें लांबलें असेल, परंतु पाणी भरणें व भांडीं घासणें हें तिच्या कपाळचें चुकलें नसावें. पुढें महायुद्धांनंतर इंग्लंडांत घरकामास माणूस मिळणें दुर्घट होत गेलें, आणि विजेवर चालणारीं 'टीसमेड' नांवाचीं चहाचीं घड्याळें मध्यमवर्गीय घरांतून शिरलीं. तेव्हां ज्याला चहा प्यावयाचा त्यालाच रात्रीं पाणी भरून ठेवण्याची पाळी आली. आणि यंत्र खऱ्या अर्थानें उपयोगी ठरलें तें तेव्हां. आपल्या घरांतहि पहांटे सर्वांच्या आधीं उठून पहिलें आधण ठेवणारें एक माणूस असतेंच. तें कोण, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

या प्रश्नास बगल देणारे, किंबहुना त्याचें उत्तर स्वतःच देऊं पाहणारे दोन प्राणी पुढें इंग्लंडांतच जन्मास आले. ब्रिस्टल येथें मेंदूचा अभ्यास करणारे डॉ. ग्रे वॉल्टर नांवाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनीं १९४८ व १९४९ या दोन सालांत युद्धांतील उरलेसुरलें सामान व जुन्या घड्याळांचीं चाकें यांतून दोन यांत्रिक कांसवें तयार केलीं व त्यांचीं नांवें एल्मर आणि एल्सी अशीं ठेविलीं. कांसव म्हणावयाचें तें पाठीवरच्या कवचामुळें. एरव्ही तीन चाकें, दोन मोटारी, प्रकाश ओळखणारा एक डोळा व रेडिओंत असतात तशा अवघ्या दोन व्हॉल्व्ह एवढीच त्यांची शरीरसंपत्ति. परंतु तेवढ्यावर त्यांचा डौल काय वर्णावा! मंद प्रकाश दिसला कीं तीं त्याच्याकडे सरकत. प्रकाश फार प्रखर झाला कीं तोंड फिरवीत. खुर्चीच्या पायास कवच अडखळलें कीं मागेंपुढें होऊन वाट काढीत. सर्वांत मौजेची गोष्ट त्यांच्या भुकेची. त्यांच्यासाठीं एक खुराडें केलेलें असे. त्यांत प्रखर दिवा व विजेचा पुरवठा असे. पोटांतील बॅटरी भरलेली असतांना त्या दिव्याची झळ त्यांस सहन होत नसे. बॅटरी उतरूं लागली म्हणजे डोळ्याची संवेदना मंदावे, तोच दिवा सौम्य वाटूं लागे, आणि कांसव मुकाट्यानें घरची वाट धरी. संध्याकाळीं खेळून दमलेलें पोर "कुठें होतास?" या प्रश्नाची वाट न पाहतां पाटावर येऊन बसतें, त्यांतलाच हा प्रकार!

डॉ. वॉल्टर यांस या खेळांतून एक गंभीर गोष्ट दाखवावयाची होती. ती ही कीं, अगदीं थोड्या अवयवांचा परस्परांशीं संबंध जोडला तरी त्यांतून सजीवासारखें वर्तन उत्पन्न होतें. आरशासमोर येतांच हीं कांसवें स्वतःच्याच दिव्याच्या प्रतिबिंबाकडे ओढलीं जात व तेथेंच लुटपुटत राहत. पाहणारास वाटावें कीं स्वारी आपलें रूप न्याहाळीत आहे. १९५१ सालीं लंडनांत झालेल्या मोठ्या राष्ट्रीय उत्सवांत अशीं कांसवें लोकांस दाखविण्यांत आलीं, आणि त्यांतील एक पुढें याच विज्ञान-संग्रहालयाच्या संग्रहांत दाखल झालें. शास्त्र आणि खेळणें यांच्या मधली भिंत किती पातळ असते हें त्यावरून कळून येतें.

याच कुळांतील एक वडील पुरुष एरिक होय. त्याची भेट आम्हांस घडली नाहीं. परंतु त्याची हकीकत गाळून पुढें जाणें हा त्याच्या थोरवीचा अपमान होईल. १९२८ सालीं लंडनांत हौशी यंत्रकारांचें एक प्रदर्शन भरावयाचें होतें. उद्घाटनास यॉर्कचे ड्यूक, म्हणजे पुढें राजे झालेले सहावे जॉर्ज, यावयाचे होते. त्यांचें येणें रद्द झालें. प्रदर्शनाचे चिटणीस कॅप्टन रिचर्ड्स यांनीं कपाळास हात न लावतां ठरविलें कीं, मोठा माणूस मिळत नसेल तर पत्र्याचा माणूस उभा करूं. ॲलन रेफेल नांवाच्या यंत्रज्ञाच्या मदतीनें सरे परगण्यांतील एका खेड्यांत त्यांनीं ॲल्युमिनियमचा हा वीर घडविला. त्याच्या छातीवर चापेकच्या नाटकाचीं तीं तीन अक्षरें कोरलीं होतीं, आणि तोंडांतून निळ्या ठिणग्या बाहेर पडत. ठरल्या वेळीं एरिक खुर्चीवरून उठला, सभेस लवून नमस्कार केला, डावीउजवीकडे मान वळविली, हातवारे केले, चार मिनिटें भाषण केलें, व खालीं बसला. समारंभाच्या पाहुण्याकडून सभेची अपेक्षा याहून अधिक ती काय असते? चार मिनिटांत आटोपणें हा गुण तर हाडामांसाच्या पाहुण्यांतहि दुर्मिळ! पुढें देशोदेशीं दौरे करून हा एरिक कोठें नाहींसा झाला तें कळलें नाहीं. २०१६ सालीं विज्ञान-संग्रहालयानें लोकवर्गणी गोळा करून त्याची हुबेहूब प्रतिकृति करविली. वर्गणी काढून मूर्ति उभी करण्याचा हा मार्ग इंग्रजांनीं आमच्याकडून उचलला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुण्यामुंबईच्या वाचकांस तो ओळखीचा वाटल्यास नवल नाहीं.

वर ज्या दालनाचा उल्लेख केला त्याच्या उभारणींत टिम हंकिन या गृहस्थांचा मोठा वांटा होता. हे शिक्षणानें यंत्रज्ञ, धंद्यानें व्यंगचित्रकार, आणि स्वभावानें खेळकर. त्यांची स्वतःची यंत्रशाळा लंडनांतच होबर्न भागांत आहे असें कळल्यावरून आम्ही तिकडे मोर्चा वळविला. वकिलांच्या कचेऱ्यांनीं भरलेल्या त्या गंभीर वस्तींत एका अरुंद गल्लींत हें लहानसें दुकान २०१५ सालीं उघडलें. आंत शिरतांच पैसे देऊन बिल्ले घ्यावयाचे आणि हव्या त्या यंत्राच्या फटींत टाकावयाचे. गणेशोत्सवांतील हलते देखावे ज्यांनीं लहानपणीं गर्दींत टाचा उंचावून पाहिले असतील त्यांना तेथील हवा ओळखीची वाटेल. फरक एवढाच कीं येथें देखाव्यांत पौराणिक वीर नसून आपण स्वतःच असतों.

एका यंत्रापुढें उभें राहिलें कीं रबरी हातमोज्यांचे हात पुढें येऊन आपली अंगझडती घेतात. विमानतळावरील झडतीनें त्रासलेल्या प्रवाशास ही थट्टा फारच मानवते. दुसऱ्या यंत्रांत आरामखुर्चीवर बसून कांहीं मिनिटांत परदेशची सफर करून परत येतां येतें. रजेचा अर्ज नको कीं सामानाची बांधाबांध नको. तिसऱ्यांत एका कलापारखी गृहस्थाचा पुतळा आहे. आपल्या खिशांतील कोणतीहि वस्तु त्याच्यापुढें ठेवावी. तो वांकून ती निरखून पाहतो, आणि ही 'कला' आहे कीं नाहीं याचा निकाल देतो. आमच्या सौभाग्यवतींनीं आपला चष्म्याचा डबा पुढें केला. पारखी महाशयांनीं बराच वेळ विचार केला. निकाल काय लागला तें आम्ही सांगत नाहीं. परंतु पुष्कळ खऱ्या परीक्षकांपेक्षां त्यांनीं वस्तु अधिक लक्षपूर्वक पाहिली एवढें खरें.

येथील गंमत केवळ विनोदाची नाहीं. यंत्रांचे हिरवेपिवळे पत्रे, हातानें रंगविलेल्या पाट्या, लांकडी चेहरे, सारें कसें हातचें वाटतें. कोणतें चाक फिरल्यानें कोणता हात हलतो हें लहान मुलालाहि थोड्या विचारानें उमगावें. हंकिन यांनीं पूर्वीं दूरचित्रवाणीवर शिवणयंत्र, धुलाईयंत्र, प्रशीतक अशा घरोघरच्या यंत्रांचें अंतरंग उलगडून दाखविणारी एक व्याख्यानमाला केली होती, व उतारवयांतहि सांधे, साखळ्या, कमानी, बिजागऱ्या यांवर चित्रफिती काढून त्या सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या. स्वतःची विद्या गुप्त ठेवावयाची नाहीं हा या हौशी लोकांचा धर्मच दिसतो. सौभाग्यवतींचा प्रश्न येथें आम्हींच मनाशीं विचारला : या यंत्रांना तेल कोण घालतो? उत्तर सोपें होतें. ज्यानें तीं केलीं तोच, किंवा त्यानें शिकविलेला दुसरा कोणी. आणि तें काम त्याला कंटाळवाणें वाटत असेल असें तेथील कोणत्याहि यंत्राकडे पाहून म्हणवत नाहीं.

लंडनच्या वायव्येस पिनर नांवाचें उपनगर आहे. भुयारी रेल्वेची एक जुनी शाखा शहराबाहेर पडतांच उजेडांत येते व बागाबंगल्यांमधून तेथवर पोंचते. तेथील सार्वजनिक बागेंत विल्यम हीथ रॉबिन्सन या चित्रकाराचें संग्रहालय २०१६ सालीं सुरू झालें. हे १८७२ सालीं जन्मले, १९४४ सालीं वारले, व मधलीं दहा वर्षें या पिनरमध्यें राहिले. त्यांनीं स्वतः यंत्रें बांधलीं नाहींत. तीं कागदावर काढलीं. परंतु त्यांचा ठसा इतका खोल उमटला कीं, गांठी मारलेल्या दोऱ्यांवर व आशेवर चालणाऱ्या कोणत्याहि ओढाताणीच्या यंत्रास इंग्रजींत आजहि त्यांचेंच नांव देतात. चित्रांतील माणसें बहुधा टक्कल पडलेलीं, चष्मा लावलेलीं व अत्यंत गंभीर. एखादी क्षुल्लक गोष्ट साधण्यासाठीं तीं कप्प्या, दोर, मेणबत्त्या, झारे व छत्र्या यांचा एवढा प्रपंच मांडतात कीं, हातानें केलें असतें तर काम केव्हांच उरकलें असतें. आपला प्रयत्न हास्यास्पद आहे अशी शंका मात्र त्यांपैकीं एकाच्याहि चेहऱ्यावर दिसत नाहीं!

१९३४ सालच्या गृह-प्रदर्शनांत त्यांच्या कल्पनेवरून एक संबंध घरच उभारलें होतें. त्याचें नांव 'द गॅजेट्स'. त्यांत यंत्रानें हलणाऱ्या बाहुल्यांचें कुटुंब राहत असे; सकाळ झाली कीं घरमालक व मालकीण दोरांवरून छतांतील झडपेवाटे थेट न्याहारीच्या टेबलावर उतरत. हें सर्व पाहतांना हंसूं येतें. आणि हंसतां हंसतां एक गोष्ट ध्यानांत येते. घर सोयीचें करण्याच्या नादांत माणूस सोयीचा चाकर कसा बनतो, हें या चित्रकारानें कोणासहि न दुखवितां दाखवून दिलें. कष्ट वांचविण्याच्या साधनांना जपण्यांतच जर आपला दिवस जाऊं लागला, तर वेठ संपली नाहीं. तिचा फक्त मालक बदलला.

हीथ रॉबिन्सन यांचें नांव एका अत्यंत गंभीर ठिकाणींहि लागलेलें आहे, व त्याचाच माग काढीत आम्ही शेवटीं ब्लेचली येथें गेलों. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून आगगाडीनें हा प्रवास एका तासाच्या आंतबाहेरचा. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचें गुप्त काम येथील बंगल्यांत व त्याभोवतीच्या लांकडी चाळींत चाले. १९४३ सालीं तेथें एक यंत्र आणलें गेलें. त्यांत कागदाच्या दोन लांब फिती बरोबरीनें वेगानें पळवाव्या लागत. त्या वरचेवर फाटत, ताणल्या जात, एकमेकींशीं जमेनाशा होत. यंत्र चालविणाऱ्या आरमारी खात्यांतील तरुण मुलींनीं त्याचा एकंदर अवतार पाहून त्याचें नांवच 'हीथ रॉबिन्सन' ठेविलें. याच यंत्राच्या अडचणींवर मात करण्यासाठीं टपालखात्यांतील यंत्रज्ञ टॉमी फ्लॉवर्स यांनीं 'कोलॉसस' हें विजेच्या व्हॉल्व्हवर चालणारें गणकयंत्र निर्माण केलें, व १९४४ च्या आरंभीं तें ब्लेचलीस कामास लागलें. युद्ध संपल्यावर गुप्ततेसाठीं तीं यंत्रें मोडण्यांत आलीं. पुढें १९९३ पासून टोनी सेल नांवाच्या यंत्रज्ञानें, उरलेलीं थोडीं छायाचित्रें व जुन्या लोकांच्या आठवणी यांच्या आधारें, सोबत्यांसह वर्षानुवर्षें खपून कोलॉससची चालती प्रतिकृति सिद्ध केली. ती तेथील राष्ट्रीय गणकयंत्र-संग्रहालयांत आहे.

परंतु आमचें काम होतें तें त्या प्रचंड यंत्राशीं नव्हे, तर त्याच टोनी सेल यांच्या तरुणपणच्या एका मित्राशीं. मित्राचें नांव जॉर्ज, उंची सहा फूट, अंगकांति रुपेरी, डोकें चौकोनी व चेहरा कमालीचा सभ्य. सेल यांस यंत्रपुरुषांचें वेड शाळेंत असल्यापासून होतें. लहानपणीं त्यांनीं खेळण्याच्या पट्ट्या-स्क्रू जोडून पहिला जॉर्ज केला होता. पुढें विमानदलांत असतांना, १९५० च्या सुमारास, कोसळलेल्या एका वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानाच्या पत्र्यांतून त्यांनीं हा मोठा जॉर्ज घडविला. सर्व मिळून खर्च आला पंधरा पौंड. जॉर्ज चालूं शके, मान वळवी, जबडा हलवी, खाली बसे. दुरून रेडिओनें त्यास आज्ञा देतां येत असे. लोकांच्या प्राणावर घाला घालण्यासाठीं जो पत्रा आकाशांत उडाला होता, तो येथें येऊन पाहुण्यांस मान लववूं लागला! धातूला असा पुनर्जन्म क्वचितच लाभत असेल.

जॉर्जला याहून शहाणा करावा असें सेल यांच्या मनांत होतें. परंतु त्या काळचीं गणकयंत्रें खोलीएवढीं, त्यांस जॉर्जच्या डोक्यांत कोठून जागा मिळणार? तेव्हां त्यांनीं त्याला घराच्या मोटारखान्यांत उभा करून ठेविला. तेथें तो पंचेचाळीस वर्षें धूळ खात उभा होता. २०१० सालीं सेल यांनीं, वयाच्या ऐंशीच्या घरांत, त्याला बाहेर काढलें, सांध्यांत तेल घातलें, पायांतील बॅटऱ्या नव्या बसविल्या, व कळ दाबली. जॉर्ज चालूं लागला. पुढच्याच वर्षीं, २०११ सालीं, त्याचा कर्ता हें जग सोडून गेला. जॉर्ज संग्रहालयांत राहिला.

त्याच्यापुढें आम्ही बराच वेळ उभे होतों. बाजारांतून आणलेलें कोणतें यंत्र पंचेचाळीस वर्षांनीं तेलाच्या चार थेंबांवर उठून उभें राहील? जॉर्ज उठला याचें कारण त्याच्या अंगांत कांहीं गुप्त नव्हतें. प्रत्येक सांधा ज्यानें बसविला होता तोच मनुष्य हातांत तेलाची बुधली घेऊन त्याच्यापुढें उभा होता. भरणारा तोच, घासणारा तोच, आणि कौतुकानें हंसणाराहि तोच.

आमच्या मतें हौस आणि वेठ यांतील सारा फरक एवढाच आहे. एकानें भरावयाचें आणि दुसऱ्यानें प्यावयाचें, ही वेठ. मग ती माणसाकडून घेतलेली असो वा यंत्राच्या आडून घेतलेली असो. जो भरतो तोच पितो, तेथें तेंच काम हौसेचें होतें. २००२ सालीं अमेरिकेंत घराचा केर काढीत फिरणारी एक वाटोळी तबकडी विक्रीस आली. तशीं यंत्रें आतां आपल्या शहरांतूनहि दिसूं लागलीं आहेत. प्रश्न विचारतांच उत्तर देणारीं यंत्रेंहि घरांत आलीं आहेत. त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. ज्या घरांत एकाच व्यक्तीच्या कंबरेनें वर्षानुवर्षें केर काढला, त्या घरांत अशी तबकडी आली तर तिचें स्वागतच व्हावें. परंतु तिच्या पोटांतील केर कोण काढतो, चाकांत गुंतलेले केंस कोण सोडवितो, हें घरांतील कर्त्या पुरुषानें एकदां तरी पाहावें. यंत्र घरांत आल्यानें काम नाहींसें होत नाहीं. तें नुसतें दिसेनासें होतें. दिसेनाशा झालेल्या कामाचे आभार मानण्याचें मग कोणास सुचत नाहीं, हा त्यांतला खरा धोका आहे.

दुसरी गोष्ट मुलांसंबंधीं. पूर्वीं घरांत यंत्र बिघडलें कीं मुलें भोंवतीं जमत. स्क्रू फिरविणाऱ्या काकांच्या किंवा आजोबांच्या हातांकडे डोळे लावून बसत. आणि त्यांतूनच एखाद्याला यंत्रविद्येची गोडी लागे. आतांचीं पुष्कळ यंत्रें उघडण्यासाठीं केलेलींच नसतात. त्यांना फट नाहीं, स्क्रू नाहीं. बिघडलीं कीं टाकावयाचीं व नवीं आणावयाचीं. अशा यंत्रांच्या संगतींत वाढणाऱ्या मुलास वस्तु वापरण्याची संवय लागेल, परंतु ती कशी चालते असें विचारण्याची लागणार नाहीं. एल्मर-एल्सींच्या पोटांतहि जुनीं घड्याळेंच होतीं, हें विसरून कसें चालेल?

म्हणून आमची सूचना अगदीं स्वस्त आहे. माळ्यावर पडलेलें बंद घड्याळ, बिघडलेला पंखा, आवाज गेलेला रेडिओ भंगारवाल्याच्या पोत्यांत टाकण्यापूर्वीं एक रविवार मुलांच्या व मुलींच्या हातीं द्यावा. विजेची जोडणी काढलेली आहे ना, एवढें मात्र वडील मंडळींनीं आधीं पाहून घ्यावें. बाकीची चाकें, कमानी व खिळे जमिनीवर खुशाल पसरूं द्यावे. तें पुन्हां जुळलें नाहीं तरी चालेल; त्यांतून एखादें वांकड्या पायांचें, बावळट तोंडाचें भलतेंच कांहीं तयार झालें तर फारच उत्तम. पसारा आवरण्याचें काम मात्र ज्यानें मांडला त्यानेंच करावें, हा नियम पाळावा.